निळ्या भुवयांचा जिझो

कानाझावा, २५ ऑगस्ट

चि. कुनीस,
अ. उ. आ.

आशीर्वाद लिहिला तो रीत म्हणून. खरं तर तुझा कान पिळायला हवा. ह्यांचा पाय मोडला म्हणून यंदा जिझोच्या सणाला मला येता आलं नाही, तर तू माझ्या चिसाच्या नावाचा दगडी जिझोच उसना देऊन मोकळा झालास? त्या नव्या उंच इमारतीला? कार्याला सतरंज्या देतात तसा? तुझ्या शेजारच्या किनुबाईंचा फोन आला नसता तर मला कळलंही नसतं.

माझी चिमुरडी लेक गेली तेव्हा आईने तो दगड स्वतः निवडून देवळाच्या अंगणात बसवला. दर सणाला त्याचं तोंड धुऊन पांढरा रंग द्यायची, ओठ लाल करायची, बारीक भुवया काढायची. आईनंतर मी. त्या भुवया चिसाच्या होत्या, मेल्या! किनुबाई म्हणाल्या, तिथल्या पोरांनी सगळं खसाखसा घासून निळ्या भुवया काढल्यात. निळ्या! भिक्षू होताना डोक्यावरचे केस काढलेस, त्याबरोबर अक्कलही काढून ठेवलीस का?

तो ताबडतोब अंगणात परत हवा. नाहीतर मीच येऊन उचलेन. ह्यांचं बरं आहे. प्लास्टरमध्ये खाज सुटते म्हणून घर डोक्यावर घेतलंय.

लोभ मागायला तोंड राहिलं असेल तरच उत्तर लिही.
ताई

क्योतो, २९ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचताना कान खरंच दुखला. तुला विचारलं नाही, चुकलं. पण आता माझंही ऐकून घे, मलाही राग येतो.

आपल्या गल्लीत आता एक मूल नाही. गेल्या वर्षीच्या सणाला कंदील लावले, खाऊ मांडला, मोठी जपमाळ पसरली. पूर्वी तिच्याभोवती पोरांची नुसती दाटी व्हायची. यंदा कोण बसणार होतं? किनुबाई, तोफूवाला आणि मी? पोरांना सांभाळणारा देव, आणि त्याच्यापुढे आम्ही म्हातारे मणी ओढणार! लाज वाटते गं. त्या इमारतीत पोरं आहेत, जिझो नाही. त्यांनी येऊन मागितला. बाकीचे जमिनीत रुतलेत, हा एकच उचलण्याजोगा होता.

आणि पोरं तोंड नव्याने रंगवणारच, रीतच आहे ती. लहानपणी गल्लीतला जुना जिझो रंगवायला आईने तुझ्या हाती ब्रश दिला तेव्हा तू मिशा काढल्या होत्यास, विसरलीस?

सण झाल्यावर आणायला गेलो, तर एका मुलीने रडून गोंधळ घातला. तुझ्याइतकीच हट्टी. म्हणून आणखी थोडे दिवस ठेवला. भावजींना नमस्कार.

रागासह जो काही लोभ उरला असेल तो असू दे.
कुनी

कानाझावा, ५ सप्टेंबर

चि. कुनीस,
अ. उ. आ.

काल क्योतोला येऊन गेले. तुझ्या दारात मुद्दाम पाऊल टाकलं नाही. पिशवीत टॉवेल आणि तोंडात शिव्या घेऊन सरळ त्या इमारतीत शिरले.

जिझो खाली जिन्यापाशी होता. शेजारी तीच तुझी हट्टी मुलगी, इतोहा तिचं नाव. मी त्याला हात घातला तशी ओठांवर बोट ठेवून म्हणाली, आत्ताच झोपलाय. अंगावर रुमाल घातला होता त्याच्या! तुमचा आहे का, असं विचारलंन. म्हटलं, माझ्या मुलीचा. मग म्हणते कशी, देवळाच्या अंगणात रात्री कोणीच नसतं, तो घाबरत असेल. इथे जिन्यात दिवा असतो.

कुनी, चिसा दिवा मालवू द्यायची नाही. आठवतं तुला? मला तिथे उभंच राहवेना.

तू मला विचारलं नाहीस याचा राग आहे आणि राहणार. त्या भुवया तर भयंकरच आहेत. पण त्याला तिथेच राहू दे. सोबत त्याच्या गळ्यात बांधायला नवं लाल लाळेरं शिवून पाठवलंय. तू बांधू नकोस, इतोहाच्या हाती दे. गाठ मागे आणि सैल मारायला सांग. चिसाला गळ्याशी घट्ट झालेलं चालायचं नाही.

रागावलेलीच,
ताई