आठचा मिसकॉल

३ ऑगस्ट, रविवार
हैदराबाद. ही डायरी सिमेंटच्या दुकानात फुकट भेटली. दर पानावर पोत्याचा फोटो हाय, पण कागद चांगला. आजपासून रोज लिहिणार. सातवीत शाळा सुटली म्हणून काय झालं, अक्षर माझं चांगलंच होतं.
ठरवलं ते असं. गुटखा बंद. तेलुगू शिकायची. आन् ही नोकरी सोडायची न्हाई. चाकणची सोडली, सुरतची सोडली, पण ती कामं माझ्या लायकीची नव्हती. लिफ्ट बसवायचं काम टेक्निकल हाय. सध्या हेल्पर हाय, म्हणजे लोखंडी रेल धरून उभं ऱ्हायचं. दिवाळीपर्यंत फिटर नक्की.

५ ऑगस्ट
काल लिहिलं न्हाई. दमलो होतो. गुटखा एकच खाल्ला, तोबी रूमवरच्या शंभूनं दिला म्हणून. नको म्हणलं तर माणूस दुखावतो.

६ ऑगस्ट
माझ्या सिस्टमबद्दल लिहून ठेवतो.
माझी पोरगी सुकेशनी, आमी सुकी म्हणतो, पाच वर्षाची. तिला झटके यायचे. नांदेडच्या डॉक्टरनं सिरप दिलं. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. डॉक्टर म्हणले, जेवण चुकलं तर चालंल, हे चुकलं तर न्हाई. पोखर्णीला घरी बायको रेणुका आन् आई. रेणुका दहावी शिकलेली, पण शेळ्या, पाणी, दुसऱ्याच्या शेतात मजुरी, एवढ्या रगाड्यात तिच्या ध्यानात ऱ्हाईल का? म्हणून सिस्टम मी बसवली. माझ्या मोबाइलला अलार्म. आठ वाजले की मी मिसकॉल देतो. तिकडं औषध पाजलं की रेणुका उलटा मिसकॉल देती. म्हणजे दिलं. बोलायचं काम न्हाई. बोलत बसलं की सुपरवायझर बोंबलतो.
नऊ महिने झाले, एक झटका न्हाई. हे कुणामुळं? मी आपला बोलत न्हाई.

९ ऑगस्ट
लिफ्टच्या शाफ्टात रेंज न्हाई. बिल्डिंगच्या पोटात सरळ उभी विहीर, वर आभाळ पत्रावळीएवढं. ओव्हरटाइम असला की आठला पाणी प्यायच्या बहाण्यानं वर येतो. सुपरवायझर म्हणला, तुला बरोब्बर आठ वाजताच कशी तहान लागती रे? मी म्हणलो, साहेब, सवय.

१७ ऑगस्ट, रविवार
लय हसलो आज. रेणुका सांगत होती, आता फोन वाजला की सुकी आपोआप तोंड उघडती. चिमणीच्या पिल्लासारखं. कुणाचाबी फोन असो. काल लोन देणाऱ्या बाईचा फोन आला तरी हिनं आ केला. आई म्हणली, आता हिला लोन पाजा.
साडेतीनशे किलोमीटरवरून मी पोरीचं तोंड उघडतो. शिकलेल्या माणसालाबी हे जमलं न्हाई. शंभूला सांगितलं. शंभुराज पालमचा, आपल्याच भागातला. तो म्हणला, नाग्या, तुझं तोंड बंद करायचं बटन वहिनीकडं हाय का बघ.
जळतो.

२६ ऑगस्ट
सुकीला उलट्या-जुलाब. परभणीला पोरांच्या दवाखान्यात दोन दिवस सलाइन. आता बरी हाय. झटका न्हाई.
पण एक गोष्ट पटली न्हाई. रेणुकानं घरची बाटली पिशवीत नेली होती. आठ वाजले, माझा फोन वाजला, हिनं पदराआड करून पाजून टाकलं. सिस्टरनं बघितलं. झापली. म्हणली, न विचारता बाहेरचं औषध द्यायचं न्हाई, काही झालं तर कोण जिम्मेदार? बरोबरच हाय सिस्टरचं. मी रेणुकाला समजावलं, दवाखाना म्हणजे दवाखाना, चोरून पाजणं अडाण्याचं काम. पुढच्या बारीला गेल्या गेल्या बाटली सिस्टरच्या हातात द्यायची. म्हणजे आपल्याकडं बघायची नजर बदलती.
ती म्हणली, औषध टायमावर गेलं ते बघा की.
मी म्हणलो, मुद्दा तो न्हाई.

१० सप्टेंबर
तेलुगू चालू. नीळ्ळु म्हणजे पाणी. हा शब्द आठ वाजता कामाला येतो. बाकीचे शब्द पुढच्या महिन्यात.
गुटखा बंदच हाय, म्हणजे पाकीट विकत घेत न्हाई.

२ ऑक्टोबर
धम्मचक्राचा दिवस. गावात सगळे जमले असतील, खीर असंल. सुकी फोनवर म्हणली, पप्पा, पांढरा फ्रॉक घातला, बघायला या. रजा मागावी वाटलं. पण फिटरचं बोलणं चालू हाय, आत्ता मागितली तर इमेज खराब हुईल. दिवाळीच्या सुट्टीत येतो म्हणलो. ती म्हणली, तवर फ्रॉक मळंल.
पोरगी बोलण्यात माझ्यावर गेली.

११ ऑक्टोबर, शनिवार, दुपार
सुकी ॲडमिट. ताप, खोकला, डॉक्टर निमोनिया म्हणले. आई आन् रेणुका एसटीनं घेऊन गेल्या, तोच दवाखाना. घाबरायचं काम न्हाई. रेणुकानं माझं ऐकलं. गेल्या गेल्या झटक्याची बाटली सिस्टरच्या हातात दिली. सिस्टरनं कपाटात ठेवली. म्हणली, डॉक्टरनं फाइलला लिहिलं की आमी देऊ.
याला म्हणतात पद्धत.

संध्याकाळी ८
अलार्म. मिसकॉल दिला. उलटा आला न्हाई.

८.२०
परत दिला. न्हाई.

८.३५
रेणुकानं उचलला. डॉक्टर निमोनियाचं सगळं लिहून गेले, झटक्याचं लिहायचं ऱ्हायलं. लिहिल्याशिवाय सिस्टर देत न्हाई. डॉक्टरला फोन लावलाय म्हणती, ते दुसऱ्या पेशंटमधी हायत. बाटली कपाटात, कपाटाला कुलूप. रेणुका म्हणली, बाहेर मेडिकलवाल्याच्या पाया पडते, दुसरी बाटली आणते, मागच्यावानी पाजते.
मी नको म्हणलो. इकडून तू पाजशील, तिकडून सिस्टर देईल, डबल झालं तर? मी मोबाइलवर वाचलंय. थोडं धर. शिकलेल्या माणसाला घाई केली की राग येतो.
ती म्हणली, ही आ करून बसलीय हो.
मी म्हणलो, सवय चांगली हाय, मोडू नको.

९
आणखी तीन-चारदा लावला, म्हणजे तिकडं हालचाल ऱ्हाती. शेवटी रेणुका म्हणली, तुमी फोन लावू नका. तिची बॅटरी कमी असंल.
मग सिस्टरला फोनवर घेतलं. हिंदीत बोललो, हिंदीनं वजन पडतं. मैं इधर लिफ्ट इंजिनियर हूँ, ऑनलाइन कंप्लेंट डालूंगा, नौकरी जाएगी. तिनं फोन रेणुकाच्या हातात परत दिला.
वजन पडलं असणार.

१२ ऑक्टोबर, रविवार, सकाळ
आठला मिसकॉल दिला. रेणुकाचा फोन बंद. आईच्या फोनवर लावला. आई सुरूच झाली. नागेशा, तू तिकडून घंटी वाजवतोस आन् हिकडं पोरगी तोंड वासती. रात्रीबी वासलं, आताबी वासलं. काय घालू रं तिच्या तोंडात? तुझा फोन घालू?
आईला टेक्निकल गोष्टी कळत न्हाईत.
सिस्टरची ड्युटी बदलली. नवी म्हणती, या पोरीच्या बापानं कंप्लेंटची धमकी दिली, आता मी कागदाबिगर बाटलीला हात लावणार न्हाई. म्हणजे माझं नाव वॉर्डात पोचलं. आता काम हुईल. कपाटाची चावी मोठ्या सिस्टरपाशी, ती यायलीय. डॉक्टरचा राउंड हुईलच, रविवार म्हणून जरा उशीर.
मी कामावर चाललो. रविवारी डबल हाजरी. इथं बसून तरी काय करणार?

दुपार
जेवायला शाफ्टातून वर आलो. रेंज आली आन् फोन थरथरायलाच लागला. रेणुकाचे मिसकॉल. एक न्हाई, दोन न्हाई, स्क्रीन भरून.
दिलं! एकदाचं दिलं. एक मिसकॉल म्हणजे दिलं, हे तर ढीगभर हायत. खुशीत बटन दाबत बसली असंल. मी उगं फिकीर करत होतो. शेवटी सिस्टम चालती, फक्त धीर पायजे.
डब्यात वांगं होतं. पोटभर जेवलो. शंभूला निम्मं दिलं. परत खाली उतरलो.

संध्याकाळ
शंभू शाफ्टाच्या तळाला उतरून आला. तो कधी उतरत न्हाई, त्याला खाली गुदमरतं. आईनं त्याच्या फोनवर लावला होता. म्हणला, नागेश, वर चल. नाग्या म्हणला न्हाई.
सकाळी राउंडच्या आधीच झटका आला. थांबेना. सिस्टर धावली, डॉक्टर धावले, सुया दिल्या. कपाट नंतर उघडलं. आता आयसीयूत हाय, मशीनवर.
ते मिसकॉल तवाचे होते.

१३ ऑक्टोबर
रजा मागायला सुपरवायझरपाशी गेलो. तो म्हणला, काय, पाणी? मी म्हणलो, न्हाई.
जनरल डब्यात उभा ऱ्हाऊन आलो. वाटंत ठरवलं, रेणुकाला रागवायचं न्हाई. एवढे मिसकॉल द्यायच्या ऐवजी एक मेसेज टाकायचा. पण आत्ता न्हाई बोलायचं.

१४ ऑक्टोबर
सुकीला मशीनवरून काढलं. चांगलं लक्षण. डोळे उघडे हायत. माझ्याकडं बघती, म्हणजे मी जिथं उभा ऱ्हातो तिकडं तिची नजर असती. मी सरकलो तरी नजर तिथंच ऱ्हाती.
डॉक्टर म्हणले, मेंदूला मार बसलाय, किती ते आज सांगता येत न्हाई.
औषध आता फाइलला लिहिलंय. लाल पेनानं, खाली दोन रेघा. आठ म्हणजे आठ. नाकातल्या नळीतून देतात. तोंड लागतच न्हाई.
त्या रात्रीची सिस्टर दिसली. बावीस-तेवीसची पोरगी, डोळे सुजलेले. मला बसायला स्टूल दिला. तिला फोनवरचा इंजिनियर तेवढाच माहीत, तो मीच हे तिला कळलं न्हाई. मीबी सांगितलं न्हाई.

१५ ऑक्टोबर
रेणुका सुकीचे पाय चोळती. पांढरा फ्रॉक पिशवीत आणलाय, घरी जाताना घालायला. मळलेला न्हाई.
मी तिला म्हणलो, झालं ते झालं, पण रीत तर आपली बरोबर होती ना. बाटली दिली, नियम पाळला.
तिनं माझ्याकडं बघितलं. मी चहा आणायला गेलो.

१७ ऑक्टोबर
आयडिया सुचली. कॉटपाशी आमी सगळे हाका मारायलाव, म्हणून ती ऐकत न्हाई. तिला सवय फोनची हाय. आठला मी कॉरिडॉरमधी जाऊन रेणुकाच्या फोनवर लावला. दारातून बघितलं. उशापाशी फोन वाजला. सुकीनं तोंड उघडलं न्हाई.
कॉरिडॉरमधी गोंगाट लय. ट्रॉल्यांचा.

१८ ऑक्टोबर
गेटवरून लावला. आईला बघायला सांगितलं होतं. परत आलो तर आई पदर डोळ्याला लावून बसलेली. म्हणली, नागेशा, जरा बस की रं पोरीपाशी. हात धर तिचा.
बसलो. हात गरम हाय. नखं वाढलेली. थोडा वेळ बसलो, मग उठलो. मला एका जागी बसवत न्हाई, पहिल्यापासून.

१९ ऑक्टोबर
रात्रभर विचार केला आन् चूक सापडली. मी जवळून लावायलोय. तिच्या कानाला सवय हाय लांबून आलेल्या फोनची. अकरा महिने तिचा पप्पा हैदराबादेत होता, तो गेटवर कसा? लेकराला खोटं लगेच कळतं. मी माझ्या जागेवर जाऊन लावला पायजे.
रेणुकाला समजावून सांगितलं. तिनं फोन घेतला, सुकीच्या उशापाशी ठेवला आन् तोंड भिंतीकडं केलं.
पटलं असणार.

२० ऑक्टोबर, सोमवार
सकाळच्या पॅसेंजरनं हैदराबादला निघालो. खिडकी भेटली. गुटखा खाल्ला न्हाई, आठवलंच न्हाई.
पिंगळीला गाडी क्रॉसिंगला थांबली. आठ वाजले, अलार्म झाला. लावला. पूर्ण वाजू दिला, कट केला न्हाई. फोन हातात धरून बसलो. क्रॉसिंगची गाडी निघून गेली. उलटा आला न्हाई.
पिंगळी तर परभणीला लागूनच हाय. इथून काय ओळखणार ती?
अजून पुढं गेल्यावर, पूर्णेवरून लावतो.