पहिलं मत अण्णांचं

गुरु., ६ फेब्रु.
आज सुट्टी. जगाचा रविवार, आपला गुरुवार. संध्याकाळी लोंढेच्या हॉलमध्ये आमचं गाणी ऐकायचं मंडळ भरलं. कोकणातल्या एका पोराचा अल्बम. गाणी त्याचीच, चाली त्याच्याच, गिटारही त्याचीच. नियम नेहमीचे: मोबाइल परातीत, अल्बम अख्खा गप बसून ऐकायचा, मग मतं. ओके, रीवर्क किंवा रिजेक्ट. सगळे कंपनीवाले, दुसरी भाषा येते कुणाला!

पहिलं मत माझं. वयानं आणि कानानं. म्हणलं, "आवाज गोड आहे. पण समुद्र, माड, होडी, परत समुद्र. गावात राहतो का कॅलेंडरात?" रीवर्क. लोंढे म्हणाला, "अण्णा बोलले तेच." मग बाकीचेही तेच. सानप म्हणून बीडचा एकजण नवा आहे, चाकणला पेंट शॉपमध्ये असतो. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. भिडस्त दिसतो.

मंगळ., ११ फेब्रु.
कंपनीत कान तपासणीची गाडी आली होती. काचेच्या खोलीत हेडफोन घालून बसायचं, टीं ऐकू आलं की बटण दाबायचं. कोण ऐकत बसतंय! काचेतून तपासणाऱ्या ताईंचा हात दिसतो. हात हलला की दाबायचं. दिवसभर पत्रा ठोकणारा आमचा अख्खा प्रेस शॉप असाच पास होतो. रिपोर्ट नॉर्मल. इनचार्ज म्हणाला, "अण्णा, या वयात असे कान!" म्हणलं, "गाण्याचे कान आहेत, भावा."

घरची बेल परत बंद. ती चिमणीच्या आवाजाची. सेल बदलले. मंगल म्हणते, "वाजती की हो. चांगलं सेल कशाला टाकून देताय?" वाजते म्हणे. मी दारात उभा होतो!

गुरु., १३ फेब्रु.
आज ऋतूचा अल्बम. आमच्या ऋतूचा! दिवसभर ऑफिसात हिशेब आणि उरलेल्या वेळात गिटार, दोन वर्षं हेच चाललंय. नाव 'पाणंद'. घरापासून शेतापर्यंत जायची ती आमची पाणंद. आता दोन्हीकडं टॉवर आणि मधे सिमेंटचा रोड. मला आधीच बजावलं होतं तिनं, "अण्णा, मंडळात तुम्ही ओके म्हणालात तरच नेटवर टाकणार. नाहीतर राहू दे."

काय लिहिलंय पोरीनं! छाती भरून आली, खरंच. चौथं गाणं शेताचं आहे, आपण विकलं त्याचं. त्यावर काही बोललो नाही. 'पाणंद' नावाचंच गाणं वाजत होतं तेव्हा सगळा वेळ माझ्या तोंडाकडं बघत होती. पण आपली पोर म्हणून सूट दिली तर मंडळ कसलं? म्हणलं, "शब्द ओके. आवाज ओके. पण पाणंदीच्या गाण्यात मागं सगळं रिकामं. नुसती गिटार. पाणंद म्हणजे गाडी, बैल, धुरळा. तो आवाज कुठंय? रीवर्क."

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग लोंढेनं घसा खाकरला, "हो… जरा रिकामं वाटतंय खरं." बाकीच्यांनी माना हलवल्या. सानप तेवढा म्हणाला, "अण्णा, मागं घुंगरं वाजायलीत की. मला तं ऐकू आली." म्हणलं, "सानप, मास्क लावत जा पेंट शॉपला. कानात घुंगरं वाजायला लागली तुझ्या." हशा झाला.

ऋतू हसली नाही. "ठीक आहे अण्णा, वाढवते," म्हणाली. काय वाढवते, ते विचारायचं राहिलं.

शुक्र., १४ फेब्रु.
जेवताना मंगल म्हणाली, "पोरीचं त्वांड का उतारलंय?" म्हणलं, "कलाकाराला टीका सोसता आली पाहिजे." मंगलनं भाकरी अशी आपटली तव्यावर की विषय संपला.

गुरु., २० फेब्रु.
रीवर्क ऐकलं. 'पाणंद' सुरू झालं आणि मागं बारीक, अगदी बारीक घुंगरं. अंगावर काटा! गाणं संपायची वाट न बघता म्हणालो, "आत्ता कसं! ओके! हेच पाहिजे होतं." मान वर केली तर लोंढेनं दोन्ही कान दाबून धरलेले. त्याची बायको आतून पळत आली, "काय पडलं? भांडी पडली का?" सानप चटईकडं बघत बसलेला.

ऋतू माझ्याकडं बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"अण्णा, घुंगरू तुम्हाला केवढं ऐकू येतंय?"
"बारीक. छान बारीक."
तिनं गाणं बंद केलं. अल्बमचं मत झालंच नाही. गाडीवर मागं बसून मोशीला घरी आली.

रवि., २३ फेब्रु.
फर्स्ट शिफ्ट करून आलो. ऋतूनं पिशवीतून घुंगुरमाळ काढून टेबलावर ठेवली. आमच्या सर्जा बैलाची. माळ्यावर पडलेली होती, तिनं चिंचेनं घासली, स्टुडिओत नेली आणि गाण्यात वाजवली. म्हणाली, "मला वाटलं, पहिल्याच ओळीला ओळखाल. तुमच्यासाठीच घातली होती." आणि मी म्हणालो होतो, रिकामं.

मग ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि माळ हलवली. माळ हलताना दिसली. आवाज नाही. हात हलला म्हणून बटण दाबायची सवय, तोंडात 'हो' आलं होतं. मंगल म्हणाली, "खरं सांगा. येतंय का ऐकू?"

"न्हाई," म्हणालो.

लहानपणी आबा बैलगाडी घेऊन पाणंदीच्या तोंडाशी असायचे, तेव्हाच मला गोठ्यात सर्जा ऐकू यायचा. मी लगेच गव्हाण भरायला घ्यायचो. कधी चुकलो नाही. आज रडलो. पोरीसमोर रडलो, लिहायला काय लाजायचं. बेलसुद्धा वाजत होती म्हणजे.

मंगळ., २५ फेब्रु.
भोसरीला कानाच्या डॉक्टरकडं. टेस्ट डोळे मिटून दिली. वरचे सूर गेलेत, खालचे शाबूत आहेत. गेलेले येणार नाहीत, मशीन लावलं तर थोडा फरक. ठीक. घोड्याला नाल, माणसाला मशीन. लावू.

सेफ्टीवाल्याला सांगून आलो, पुढच्या वेळी त्या काचेला पडदा लाव. प्रेस शॉप शिव्या घालणार. घालू दे, मी ऐकून घेईन, शिव्या खालच्या सुरात असतात.

लोंढेला फोन केला. "पहिल्यांदा घुंगरू ऐकू आलं होतं तुला?"
"आलं होतं."
"मग बोलला का नाहीस, गाढवा?"
"तुम्ही आधी बोलला होता ना, अण्णा."
आणि आपण समजत होतो, सगळ्यांचे कान जुळतात म्हणून मतं जुळतात! मतं कसली, सगळी माझीच कार्बन कॉपी.

गुरु., २७ फेब्रु.
कालच्या उपासाची भगर डब्यात घेऊन मंडळात गेलो. जाहीर केलं: आजपासून पहिलं मत सगळ्यांत नव्याचं. कान काय झालेत तेही सांगून टाकलं. लोंढे रडवेला झाला, त्याला म्हणलं नाटकं नको, गाणं लाव.

दोन्ही 'पाणंद' लागोपाठ ऐकली. सानप सुटलाच. "घुंगरं पहिल्या बारीला होती तेवढीच पाहिजेत. लांबून गाडी येती तशी. दुसरं रिजेक्ट." लोंढे म्हणाला, "नाही, किंचित वाढव." सानप म्हणाला, "वाढवायची तुम्हाला लई हौस!" अशी जुंपली की चहा निवला. मंडळात इतक्या वर्षांत पहिल्यांदा भांडण झालं. मजा आली, राव. सानपचं पटलं ऋतूला, घुंगरं पहिल्यासारखीच राहणार.

मग ती माझ्याकडं वळली. "अण्णा, तुमचं मत?"
"घुंगराचं मला विचारू नकोस."
"घुंगराचं नाही. बाकीचं विचारतेय. तुमच्या ओकेशिवाय टाकणार नाही म्हणाले होते मी."

मग बोललो. आवाज येतो मला, पोरीचा तर नक्कीच येतो. म्हणलं, "चौथं गाणं. शेवटच्या ओळीत 'बापानं शेत विकलं' म्हणताना तू आवाज चोरतेस. घाईनं पळतेस पुढं."
"ते मुद्दाम आहे, अण्णा."
"माहितेय. माझ्यासाठी मऊ केलंस. मी विकलं ते विकलं. सरळ म्हण, मला ऐकू जाईल असं. रीवर्क."

कुणी मान हलवली नाही, कुणी हो म्हणालं नाही. आज तेच बरं वाटलं.

आता घरी. ऋतूच्या खोलीचं दार बंद. गिटार ऐकू येतेय, जाड तारा चांगल्या ऐकू येतात. चौथं गाणं घेतलंय. त्या ओळीपर्यंत येते आणि थांबते. परत पहिल्यापासून. मंगल म्हणाली, "जेवायला हाक मारू का तिला?" म्हणलं, थांब जरा.