कांद्यांसाठी पाळणा

तीर्थरूप मामीजी,
तुमच्या सुनेचा पाया पडून नमस्कार.

फोनवर रडू येते, म्हणून लिवून राह्यली. नागपुरात आमी दोघंही बरे आहोत. तुमी धाडलेल्या सुक्या झिंग्यांचा वास दवाखान्याजवळच्या अख्ख्या धर्मशाळेत पसरला. हे लाजले, मी मात्र पोटभर जेवली. तलावात मासोळीचं बी सोडलं का?

तीनदा गर्भ पडला, पण तपासणीत कारण सापडलं नाई. काही डॉक्टर म्हणतात, शरीर बाळाले परकं समजते. शरीराचा तो विरोध दाबून टाकाचं औषध ते सलाईनमधून देतात. आमच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यानं बाळ टिकतेच असं सिद्ध नाई, त्रास मात्र होऊ शकते. त्याच्याबिगरही पुढचं टिकू शकते."

मी नको म्हटलं. तुमाले वाईट वाटलं का?

गावातल्या बाया मले टोचून बोलल्या तवा तुमीच म्हणाल्या होत्या, "सून का बाजारातून आणली, परत कराले?" तेच आठवून हिंमत झाली.

आपल्या रीतीचा जाळ्याच्या सुताचा पाळणा तुमी विणून कोठीत लपवला, मले माहीत आहे. तो पडवीत टांगा, त्यात कांदे ठेवा. बाळ आलंच, तर कांदे काढाले कितीसा वेळ लागते?

तुमचीच,
दिव्यानी