सोमवारची बोलणी

तालुका शहादे, जिल्हा धुळे
डिसेंबर १९६४, बुधवार दुपार

प्रिय जमना,

अक्षर पाहून दचकली असशील. आजवर या घरातून तुला गेलेलं प्रत्येक पत्र तुझ्या आबांनी लिहिलं. शेवटी 'तुझ्या मायचे आशीर्वाद' एवढंच माझं त्यात असायचं. चौथीतून शाळा सुटली, त्यानंतर मी लिहिलं ते किराणा आणायच्या चिठ्ठीपुरतं. काना-मात्रा चुकेल. पेन्सिल बोथट आहे, आणि खाटेवर पडून लिहिते आहे म्हणून ओळी खाली घसरतात. सांभाळून घे, आणि हे कोणाला वाचून दाखवू नकोस.

खाटेवर पडून म्हटलं म्हणून घाबरू नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. अर्धं वाचशील, पिशवी उचलशील आणि स्टेशनवर पळशील. तसं करू नकोस. शेवटपर्यंत वाच, मग काय करायचं ते ठरव.

कापसाची वेचणी चालू आहे. घरातले सगळे शेतात आहेत, म्हणून एवढी तरी सवड मिळाली. सारंगखेड्याच्या जत्रेला घोडे यायला लागले. काल आपल्या मळ्याच्या रस्त्याने एक पांढरी घोडी गेली, तिच्या मागे सारं गाव बघायला धावलं. मी खाटेवरूनच टापा ऐकल्या. सकाळ-संध्याकाळ बायका मला बघायला येतात, पायाशी बसतात, कपाळाला हात लावतात आणि हळू आवाजात एकमेकींशी बोलतात. तुझी धनुआत्या मला मुगाचं पाणी पाजते. कळण्याची भाकर मागितली तर म्हणते, बरी हो, मग खा.

तुझा पेपरातला फोटो आम्ही पाहिला. मास्तरांकडे पेपर येतो, त्यांची बायको अनुसयाबाई पदराखाली लपवून घेऊन आली. हॉस्पिटलच्या फाटकासमोर तुम्ही सगळे फुटपाथवर बसलेले आहात, आणि पुढच्या रांगेत तू. केस विस्कटलेले, तोंड उघडं, काहीतरी ओरडते आहेस. मी तुला कधी ओरडताना पाहिलं नव्हतं, म्हणून आधी ओळखलंच नाही. आबांनी फोटो हातात घेतला आणि बराच वेळ उजेडाकडे धरून बघत राहिले. मला वाटलं ते चिडतील. ते एवढंच म्हणाले, "वाळी गयी पोर." वाळली पोरगी. मग पेपरची घडी घालून परत दिली आणि न जेवताच उठून बैलांकडे गेले.

दोन दिवसांत तो फोटो गावभर झाला. पाणवठ्यावर मला पाहून बोलणं थांबायला लागलं. एक जण तोंडावर म्हणाली, "तुन्ही पोर सडकवर बठेल शे म्हने, पोरेसनासंगे." मी म्हटलं, हो, पोरांबरोबर बसली आहे. हंडा उचलला आणि आले. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधीच पाणी भरून आले. खोटं कशाला सांगू?

तू दिवाळीला आली होतीस तेव्हा मला सगळं समजावून सांगितलं होतंस. मी भाकरी थापत होते आणि तू चुलीजवळ बसली होतीस. परीक्षा झाली तरी वर्षभर हॉस्पिटलात राबावं लागतं. बाळंतपणं करायची, जखमा शिवायच्या, मेलेल्याच्या घरच्यांना सांगायचं, हे सगळं तुम्हीच करायचं. काम डॉक्टरचं, पण सरकार म्हणतं तुम्ही अजून विद्यार्थी, तुम्हाला विद्यावेतन कशाला? तेव्हा मी म्हटलं होतं की आपल्या सालदाराला सुद्धा दोन वेळचं जेवण आणि अंगावर कपडा द्यावा लागतो, न देऊन कसं चालेल? तू हसलीस आणि म्हणालीस, माय, हेच मंत्र्यांना सांगायला ये.

तुझ्याबरोबर तुझ्या वर्गातला तो नवापूरकडचा मुलगा, गोवाल, आला होता. खाली मान घालून जेवत होता. वाढत गेले तेवढं खात गेला, आणि मग एकदम लाजून हात आखडला. तू नंतर सांगितलंस की त्याचे वडील जंगलात लाकूडतोडीला जातात, त्याला घरून काही येत नाही, आणि एकदा सलाईनची बाटली धरून उभा असताना तो वॉर्डातच कोसळला. पेशंटच्या बायकोने त्याला पाणी पाजलं. ते ऐकल्यापासून तुमचा संप मला कळतो. तुला घरून सगळं येतं. तू तिथे स्वतःसाठी बसलेली नाहीस, हे गावाला सांगून पटणार नाही. मला कोणी सांगायला नको.

मागच्या आठवड्यात पोलीस आला. जमादार असावा, सायकलवरून आला. चावडीवर न जाता सरळ आपल्या ओट्यावर बसला. शांतीलाल पाटलांचं घर हेच का, मुलगी मुंबईला असते का, आणखी भाऊ-बहीण किती, असं विचारत होता. आवाज गोड होता. मी आतून पाणी दिलं तेव्हा माझ्या बांगड्या वाजत होत्या, त्या दाबून धरल्या. जाताना म्हणाला, काही नाही, वरून विचारणा आली होती. तेव्हापासून रस्त्यावर सायकलची घंटी वाजली की मी आधी दाराला कडी लावते. आबा तर ओट्यावर बसायचेच थांबले.

तुझ्या आबांना मी कधी भ्यालेलं पाहिलं नव्हतं. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. तुझी भिकुकाकू अडली तेव्हा तापीला पूर होता आणि नाववाले नाव सोडायला तयार नव्हते. आबांनी स्वतः नाव पाण्यात लोटली. मधल्या धारेतून ती परत काठाला आली. काकू आणि तिचं बाळ दोघं गेले. त्यानंतर किती तरी दिवस आबा नदीकडे पाठ करून बसत. तुला डॉक्टरीला घालायचं ठरलं तेव्हा आपल्या गुजर समाजाची पंगत बसली होती, सगळे कुरकुरत होते. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "मन्ही पोर शिकी. ज्याले पटस नही, त्याने मन्हा घरनं पानी पेऊ नही." तोच माणूस आता अंगणात गाडी थांबली की आत येऊन देवघरापाशी उभा राहतो. मला त्यांचा राग येत नाही, जमना. तूही आणू नकोस.

रविवारी गिरधरभाऊ आले. तुझ्या आबांबरोबर लहानपणी एका ताटात जेवलेले. आता तालुक्यातले मोठे पुढारी झालेत, धुळ्याला आणि मुंबईला उठबस असते. मी चहा करत होते, मधलं दार लोटलेलं होतं. ते म्हणाले, "शांतीलाल, यादी बनेल शे. पोरनं नाव वर शे. सोमवारनी बोलनी मोडनी का धरपकड व्हई." म्हणजे बोलणी फिसकटली की तुम्हाला उचलणार. मग गिरधरभाऊ आणखी हळू म्हणाले, "जेलमा जायेल पोरले कोन पदरमा लेई?" इथे आबांच्या हातातली सुपारीची बशी खाली पडली. मी कपबशा घेऊन बाहेर गेले तेव्हा ते खाली वाकून तुकडे गोळा करत होते, आणि गिरधरभाऊ त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसले होते. प्रेमाने ठेवला होता, ते मी नाकारत नाही.

पण चहा ठेवून मी परत चुलीपाशी आले तेव्हा पुढचंही ऐकलं. सरकारने तुमच्यातल्या चौघांना बोलणीला बोलावलं आहे आणि त्यात तू आहेस. बाकीचे तिघे दमलेत. हॉस्टेलची मेस बंद केली आहे, खोल्या सोडायच्या नोटिसा लागल्यात, एकाच्या घरून तर त्याला न्यायला माणसं येऊन गेली. तूच एकटी ऐकत नाहीस. "ती घर ऊनी का बाकीना आपोआप सही करतीन," असं गिरधरभाऊ म्हणाले, म्हणजे तू घरी आलीस की झालं. त्यांनी वर कुणाला तरी शब्द दिला आहे. मग दोघांचं कुजबुजून बोलणं झालं. दुसऱ्या दिवसापासून मी या खाटेवर आहे.

मला सह्या आणि बोलणी फार कळत नाहीत. अनुसयाबाईने पेपर वाचून दाखवला, त्यात लिहिलं होतं की सरकार विद्यावेतन द्यायला तत्त्वतः तयार आहे, प्रश्न आहे तो कोणाला आणि कधीपासून याचा. मी तिला तत्त्वतःचा अर्थ विचारला. ती म्हणाली, म्हणजे देतो म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं. तेवढं मला पुरलं. दारात पाय घालून कोणीतरी उभं राहिलं पाहिजे. ते माणूस माझी मुलगी असावी असं मला वाटत नाही, खरं सांगते. कोणाचीही असू दे, माझी नको. फुटपाथवर लाठी चालली तर? तुला गाडीत कोंबून नेलं आणि कुठे नेलं तेच कळलं नाही तर? डोळे मिटले की मला तुझे पायच दिसतात, एका पायात चप्पल नसलेले. हे मनातून जात नाही. रामरक्षा म्हणते, तरी जात नाही.

आणि इथे पडून पडून एक वेगळीच भीती शिरली आहे. लोक इतकं जपून बोलतात की मला स्वतःचीच शंका येते. काल उठून न्हाणीत गेले तर खरंच चक्कर आली. धनुआत्या म्हणाली, "उठू नको, पडी ऱ्हाय." मी परत येऊन पडले. छातीवर हात ठेवून ठोके ऐकत बसले.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते सांगते. मला काहीही झालेलं नाही. सोमवारी सकाळी तुझे आबा माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, तू आठवडाभर खाटेवर पड, लोकांना दिसायला पाहिजे, म्हणजे मुंबईला कोणी विचारलं तरी सगळे एकच सांगतील. माझ्याकडे बघत नव्हते. त्यांचे हात जोडलेले होते, जमना. ज्या माणसाने मला कधी काही मागितलं नाही त्याने हात जोडले, म्हणून मी पडले. शनिवारी ते तापी उतरून दोंडाईच्याला जातील आणि तुला तार करतील, की माय गंभीर आहे, ताबडतोब निघ. ती तार खोटी आहे. तू येऊ नकोस. सोमवारी त्या बोलणीला बस, आणि तुम्हा सगळ्यांना, गोवालला सुद्धा, हाती नीट लिहून मिळाल्याशिवाय उठू नकोस. अनुसयाबाई उद्या सुरतेला माहेरी निघाली आहे. एकट्या तिला मी खरं सांगितलं, आणि हे पत्र ती मेलगाडीच्या पेटीत टाकेल, म्हणजे तारेच्या आधी तुला पोचेल. आबांना मी हे कधी कळू देणार नाही. तू आली नाहीस तर ते समजतील की पोरीने मायला टाकलं, आणि काही दिवस तुझं नाव घेणार नाहीत. तेवढं सोस. संप मिटला की ये, तेव्हा मी त्यांना काय सांगायचं ते बघेन. आता एकच राहिलं, आणि ते लिहिताना हात थांबतो आहे. पुढे कधी अशीच तार आली आणि ती खरी असली, तर तुला ती खोटी वाटेल. आजारपणाचं सोंग अंगाला चिकटतं असं जुन्या बायका म्हणतात, म्हणून सांगून ठेवते. तेव्हा तू नाही आलीस, तर त्याचा दोष तुझ्यावर नाही. तो मी आज, शुद्धीत आणि धडधाकट असताना, माझ्यावर घेते.

तुझीच,
माय