आक सीलवेज

३ मार्च, सोमवार

सम्राट पुन्हा नापास.

दिग्दर्शकाने बूटही न काढता स्टुडिओच्या गालिच्यावर उभं राहून ऐकलं आणि म्हणाला, "मॅडम, हा परग्रहावरचा सम्राट नाही वाटत. सर्दी झालेला माणूस वाटतो." बरोबरच आहे त्याचं. तो सर्दी झालेला माणूसच आहे — माझा नवरा! मागच्या आठवड्यात त्याचा घसा बसला होता. मी संधी साधली, त्याला माइकसमोर बसवून गुळण्या करायला लावल्या, पट्टी खाली ओढली आणि वर मोरीत पाणी उतरतानाचा आवाज चढवला. नवरा ऐकून इतका खूश होता की चुलतभावालाही फोन करून सांगितलं. आता त्याला कोण सांगणार की सिनेमातून तुझा पत्ता कट झाला म्हणून?

६ मार्च

ओला फुगा चोळला. लाकडी खुर्ची फरशीवर ओढली. रबरी हातमोज्यात फुंकर मारून पाहिली, तर असा काही आवाज आला की शेजारच्या ऑफिसातली बाई तब्येतीची चौकशी करायला आली.

दिग्दर्शकाला हवंय काय, तर — "त्याची भीती वाटली पाहिजे, पण त्याला आपली काळजी आहे असंही कुठेतरी वाटलं पाहिजे. भाषा कळता कामा नये, पण भाषा आहे हे कळलं पाहिजे." काम दुसऱ्याला देईन असंही जाता जाता हसत हसत सांगून गेला. त्याचं हसणं मला अजिबात आवडत नाही.

डबा उघडला तेवढ्यात आईचा मेसेज. "जेवलीस का?" रोजचंच. आई शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहते. मी फोन उचलत नाही म्हणून तिने बोलून मेसेज पाठवायला शिकून घेतलं. पेपरातलं शब्दकोडं सुटलं की पेन्सिल खाली ठेवायची आणि मला विचारायचं, जेवलीस का. कधी त्याला जोडून "गॅस बंद केलास ना?" गारठा असला तर "स्वेटर घाल." उत्तर द्यायचं राहून जातं. आजही राहिलं.

११ मार्च

सापडला! सापडला!

झालं असं — लिफ्टच्या दाराची करकर फोनवर रेकॉर्ड केली होती. ती मशीनवर घेताना शेजारचा आईचा मेसेजही ओढला गेला. मशीन उलटं वाजवायच्या सेटिंगवर होतं, पट्टी खाली. मी चहाचा कप उचलला आणि मागून कुणीतरी म्हणालं —

आक सीलवेज.

चहा मांडीवर. अंगावर काटा. पुन्हा लावलं, पुन्हा काटा.

"जेवलीस का" शेवटाकडून सुरू केलं की "आक सीलवेज." आणि गंमत अशी की प्रश्न विचारताना आपला आवाज शेवटी वर जातो. उलटा वाजवला की तो वरून खाली आदळतो. म्हणजे आईचा प्रश्न उलटा केला की हुकूम होतो. तसा सुलटा असतानाही तो थोडा हुकूमच असतो म्हणा.

दुपारभर जुने मेसेज काढून बसले. "गॅस बंद केलास ना" झालं "आन सालेक दनब सॅग." हे तर सरळ सरळ युद्ध पुकारणं आहे! "स्वेटर घाल" — "लाघ रटेव्स." एकाच आवाजाच्या दोन प्रती घेतल्या, एक किंचित मागे सरकवली. वाटतं की एकाच घशात दोघं राहतायत.

१२ मार्च

पास! दिग्दर्शक चक्क खाली बसला. "कुठून आणलंत हे?" म्हटलं, प्रोसेसिंग. तो मान डोलवत राहिला. "यात माया आहे, मॅडम. सम्राटाला पृथ्वी जाळायची आहे, पण आतून वाईट वाटतंय." मी गंभीर चेहरा ठेवला. आईला विचारायला हवं होतं का, असं एकदा मनात आलं. मग म्हटलं, तिला कुठे कळणार आहे!

२ एप्रिल

दिग्दर्शकाने पडद्यावर खाली दाखवायचे अर्थ लिहून पाठवले. "आक सीलवेज" — तुमचा ग्रह आता माझा. "लाघ रटेव्स" — गुडघे टेका. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून हसले.

आईच्या मेसेजमागे तिच्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक येते. ती पुसायला अख्खी दुपार गेली. टिकटिक गेली तर आवाज कोरडा झाला, म्हणून थोडी परत घातली. आई "जेवलीस" म्हणायच्या आधी बारीक श्वास घेते, आणि "का" म्हणून झाल्यावर जरा थांबते. मग फोन बंद करते. आजवर हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

१७ जून

संकलकाचा फोन. आम्ही त्याला कात्री म्हणतो. "ताई, दिग्दर्शकांनी ऐनवेळी शेवट बदललाय. काळ मागे फिरतो आणि जळालेलं शहर परत उभं राहतं. तुम्ही आवाज दिलात तोच शहर जाळायचा सीन घेतलाय, आवाजासकट उलटा फिरवलाय. झकास दिसतंय." मी दुसऱ्या एका सिनेमातल्या घोड्याच्या टापा वाजवत होते, दोन्ही हातांत करवंट्या. फोन खांद्याने धरला होता. म्हटलं, छान, चालेल.

३ जुलै, गुरुवार

आज सिनेमाचा खास खेळ होता. धरणीने पोटात घ्यावं असं वाटतंय.

आईला मुद्दाम नेलं. ती ठेवणीतला चष्मा लावून आली. माझ्या आणि नवऱ्याच्या मधे बसली. सम्राट गरजला — आक सीलवेज! पुढच्या रांगेतल्या पोरी एकमेकींना बिलगल्या. आई माझ्या कानात म्हणाली, "मेल्याला घसा आहे हो." मी फुलून गेले.

मग शेवट आला. काळ मागे फिरला. राखेतून इमारती उठायला लागल्या. जाळ परत बंदुकीच्या नळीत शिरला. सम्राट उलटा चालत आला, धगधगत्या शहरावरून नजर फिरवली आणि विहिरीतून यावा तशा आवाजात म्हणाला —

"गॅस बंद केलास ना?"

पुढच्या रांगेतल्या पोरींनी एकमेकींकडे पाहिलं. तेवढ्यात नायिका धुरातून समोर आली. सम्राट तिच्याकडे वळला.

"जेवलीस का?"

त्यानंतर पाऊणशे माणसांना एकदम ठसका लागल्यासारखं झालं. कुणी खुर्चीवर हात आपटत होतं. नवरा तर डोळे पुसत होता. उलटं केलेलं पुन्हा उलटं केलं की सुलटं होतं, एवढं साधं! आणि मी टापा वाजवत "चालेल" म्हणाले होते!

आई हसली नाही. तिने माझ्या हाताखालून स्वतःचा हात काढून घेतला. "हा माझा आवाज आहे," म्हणाली.

४ जुलै

काल टॅक्सीने आईला सोडायला गेले. तिच्या दारापर्यंत मी घडाघडा सगळं सांगितलं — मेसेज मशीनवर कसा आला, शेवटच्या अक्षरापासून कसं उलटं वाजतं, पट्टी कशी ओढतात. ती कुलूप उघडत ऐकत होती.

"माझा आवाज त्या मेल्याला दिलास," म्हणाली. त्यावर मी हसू शकले असते. पण मग तिने विचारलं, "किती वेळा ऐकलंस हे?"

मी मूर्ख! मला वाटलं कौतुकाने विचारतेय. म्हटलं, "शेकडो वेळा, आई. तुझा श्वास न् श्वास पाठ झालाय."

"शेकडो वेळा ऐकलंस," ती म्हणाली. "एकदा 'हो' म्हणाली असतीस तर तुझं काय गेलं असतं?"

आणि दार लावून घेतलं.

५ जुलै

सिनेमा जोरात चाललाय. दिग्दर्शक सगळ्यांना सांगत सुटलाय की शेवटचा विनोद त्याने मुद्दाम केला.

मेसेज नाही.

८ जुलै

रस्त्यात पोरं एकमेकांना "आक सीलवेज" म्हणून ओरडतायत. दवाखान्यातली नर्स इंजेक्शन देताना म्हणते, लाघ रटेव्स. फक्त जिचं आहे ती गप्प. फोन उचलत नाही. मी तिच्यासारखाच बोलून मेसेज पाठवला — "हो, जेवले. तू जेवलीस?" तिने ऐकला, तेवढं फोनवर दिसतं. उत्तर नाही.

डब्याच्या वेळेला आपोआप फोनकडे बघते. डबा भरलेलाच घरी परत येतो. नवरा म्हणाला, "जाऊन पाया पड." म्हटलं, गेले होते. आतून रेडिओ मोठा केला तिने.

१० जुलै

दुसरा भाग काढायचाय. दिग्दर्शक म्हणाला, "तो आवाज आणखी हवा. सम्राटाला मोठं भाषण द्यायचंय." मी सांगितलं, तो आवाज माझा नाही, माझ्या आईचा आहे. तिने नाही म्हटलं तर सम्राट मुका. तो म्हणाला, मग काम दुसरीकडे जाईल. म्हटलं, जाऊ दे. फोन ठेवला आणि रडले. कामासाठी नाही. मला आई हवीय.

१४ जुलै, सोमवार

आईचा मेसेज आला! डबा तसाच टाकला. कानाला लावला तर — "एय ईरघ."

एवढंच. जीभ जड झाल्यासारखं. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला, "हे अर्धांगाच्या झटक्याचं लक्षण असतं, तू निघ, मी डॉक्टरला घेऊन येतो." एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात शेजारच्या ऑफिसवालीची. जिन्यात पोचले तोच दुसरा मेसेज. तेच, पण सावकाश, आणि चांगलंच चिडून, बुद्दू पोराला शिकवावं तसं — "एय. ईरघ." मागे घड्याळ, आणि पेन्सिल खाली ठेवल्याचा आवाज.

पेन्सिल! म्हणजे कोडं!

तशीच मागे पळाले. मशीन उलटं लावलं.

१४ जुलै, लगेच

"घरी ये."

नवऱ्याला सांगितलं, डॉक्टर नको. आईला तसंच उलटं बोलून उत्तर पाठवलं — "ओह."