तीन खुर्च्या, एक स्टूल आणि एक उशी

मी, खाली सही करणारी, जिला सारी गल्ली 'खुर्चीवाल्या बाई' म्हणून ओळखते, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा इंग्रजी शिकवणे, आज सकाळी पोटभर नाश्ता करून, चष्मा पुसून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हौसेने हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याची खात्री डॉक्टरांनी करून घेतली. त्यांनी मला आजचा वार विचारला, मी त्यांच्या इंग्रजी दाखल्यातली चूक दाखवली, आणि दोघेही उत्तीर्ण झालो. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम १. घराचा वरचा मजला, गच्ची आणि बँकेतली शिल्लक माझ्या मुलाला. तो फ्रिज दुरुस्त करतो आणि हात चांगला आहे. तळमजल्यावरची, रस्त्याकडे खिडकी असलेली खोली मात्र त्याला मिळणार नाही. दुरुस्तीला आलेले फ्रिज ठेवायला ती त्याला केव्हापासून हवी आहे. "आई, तो वर्ग आहे की संगीत खुर्ची?" असे तो विचारतो. दोन्ही आहे, बाळा.

कलम २. भिंतीवरचे घड्याळ धाकट्या बहिणीला. ते कायम पुढे धावते, ती कायम मागून येते. दोघांनी मिळून काय ते ठरवावे. समोरच्या क्लासवाल्याने माझ्या नाकासमोर 'खुर्च्यांशिवाय इंग्रजी' अशी पाटी लावली, ती मी विसरलेले नाही. त्याने एका संध्याकाळी माझ्या वर्गात येऊन फुकट बसावे, असा हक्क मी त्याला देते.

कलम ३. खोलीतल्या सामानाचे वर्णन नीट देते, म्हणजे पुढे भांडण नको. खिडकीकडून पहिली खुर्ची सर्वनामाची. आय, यू, ही, शी, जो कोणी असेल त्याने तिथे बसावे. दुसरी क्रियापदाची, हात असलेली, सर्वांत वजनदार, कारण वाक्यातले काम तिथे होते. मग एक लहान स्टूल. ते इन, ऑन, ॲट, फॉर या चिमुकल्या मंडळींचे, म्हणजे प्रीपोझिशनचे. शेवटची खुर्ची नामाची, तिच्यावर उशी. 'अ' आणि 'द' म्हणजे ती उशी. त्यांना स्वतंत्र जागा नाही, पण उशीविना बसलेले नाम कानाला टोचते. (माणसांची नावे उशीशिवाय बसतात, त्यांना सवय असते.) सर्वनामाला शेवटच्या खुर्चीवर जायचे असेल तर खुंटीवरची टोपी घालावी लागते, 'ही' तिथे गेला की 'हिम' होतो. विद्यार्थी एकेका जागेवर बसून आपापला शब्द मोठ्याने म्हणतात. ज्याला सगळे वाक्य आले, तो एकटाच क्रमाने चारही जागांवर बसत जातो आणि टाळ्या घेतो. माझ्या वर्गात पाठांतर लागत नाही, गुडघे लागतात.

कलम ४. हे सामान ज्याने केले त्या सुताराशी माझा जुना वाद आहे. स्टुलाचा एक पाय आखूड आहे. तक्रार केली की म्हणतो, "बाई, स्टूल सरळ आहे, जमीन वाकडी आहे." स्वयंपाकघरात नेऊन डुगडुगवून दाखवले, तर म्हणाला, "तुमच्या सगळ्याच घराची जमीन वाकडी आहे." हा वाद मी कोणालाही वारशाने देत नाही. त्याने साक्षीदार म्हणून त्याच स्टुलावर बसून सही करावी, म्हणजे कायमचा निकाल लागेल.

कलम ५. तळमजल्यावरची खोली, वरील सर्व सामान आणि माझा वर्ग माझ्या सुनेला.

हे का, ते सांगते. सून लग्न होऊन आली आणि पहिल्याच आठवड्यात हौसेने वर्गात बसली. मी तिला क्रियापद केले. तिने ती वजनदार खुर्ची फरफटत रांगेच्या टोकाला नेली, स्टूल नामाच्या मागे ढकलले आणि निवांत बसली. वर्गात हशा पिकला. ती म्हणाली, "हसता काय? आमच्या घरी क्रियापद शेवटीच बसतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर."

आता आपण बोलतो ते तसेच. 'मी खोलीत बसते' म्हणताना खोली आधी येते, 'त' तिच्या मागे चिकटतो आणि बसणे सर्वांत शेवटी. माझ्या वर्गात प्रत्येक जण पहिल्या दिवशी हीच चूक करतो, पण चुकीचे कारण इतक्या झोकात सांगणारी ही पहिलीच. तेव्हाच मी मनाशी ठरवले की ही खोली हिची.

तिने मात्र त्यानंतर त्या खुर्चीला हात लावला नाही. ती दारात उभी राहते. मी आजारी पडले की वर्ग तीच चालवते आणि विचारले तर म्हणते, "मी कुठे शिकवते? मी आपली तुम्ही येईपर्यंत त्यांना बसवते."

एकदा वृद्धांची शुश्रूषा करणारी एक बाई मुलाखतीत नापास होऊन रडत आली. तिने तिथे 'आय लुक फॉर ओल्ड पीपल' असे सांगितले होते. सून हातात पातेले घेऊन पुढे आली. "म्हाताऱ्यांना शोधता? ते काय हरवलेत का?" तिने त्या बाईला 'लुक' म्हणून बसवले आणि शेजारच्या स्टुलावरची माणसे बदलत गेली. 'ॲट' बसला, तेव्हा लुक नुसते बघू लागले. 'फॉर' बसला, तेव्हा शोधू लागले. 'आफ्टर' बसला, आणि लुक सांभाळू लागले. "शेजारी कोण बसलंय त्यावर आहे सगळं," ती म्हणाली. बाई रडायची थांबली आणि पुढच्या मुलाखतीत नोकरी घेऊन आली. मी पांघरुणात पडून हे ऐकत होते, आणि माझा ताप आनंदानेच उतरला.

इतके असूनही ती या वारशाला नको म्हणते. "आई, तुमच्या जागी मी बसले तर महिन्याभरात वर्ग रिकामा होईल. मला नका अडकवू." तिने नको म्हटले तर खोलीत फ्रिज येतील आणि खुर्च्या गच्चीवर सडतील. मला मरणाची भीती वाटत नाही, त्या फ्रिजांची वाटते.

इथवर लिहिल्यावर जे घडले, तेही या मृत्युपत्राचा भाग समजावे. माझे दिवंगत यजमान मृत्युपत्रे नोंदवणाऱ्या कार्यालयात कारकून होते. जेवताना त्यांचा एकच विषय असे: ज्याला मिळायचे आहे त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, केली तर मिळायचे राहून जाते. आमच्या घरात हे मांजरालाही पाठ आहे.

डॉक्टर पहिल्या खुर्चीवर बसले होते, मी शेवटच्या, उशीवर. सुतार यायचा होता. तेवढ्यात सून पेन घेऊन आली आणि स्टुलावर टेकली. "त्यांची कशाला वाट बघता, आई? साक्षीला माझी सही घ्या ना."

मी चष्म्यावरून पाहिले. "सासऱ्यांचं बोलणं विसरलीस वाटतं?"

"नाही हो, विसरते कसली," ती म्हणाली आणि तिला हसू फुटले. लबाड! सही करून स्वतःला वारशातून बाद करायला निघाली होती. पण हसता हसता तिचे डोळे भरले. "मला खरंच भीती वाटते, आई."

"मलाही वाटायची," मी म्हटले. "म्हणून तर खुर्च्या करून घेतल्या. हातात धरायला काहीतरी हवं ना."

सुतार दारातूनच ओरडला, "स्टूल माझं! मला आज पुरावा द्यायचाय." सून उठली. रिकामी होती ती एकच जागा, दुसरी, हात असलेली. तिने ती खुर्ची तसूभरही न हलवता तिच्यावर बसून पाहिले. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर ठेवले. मग एकदम म्हणाली, "सगळे उठा बघू."

आम्ही सगळे उठलो, माझे एकोणऐंशी वर्षांचे गुडघेही उठले. ती पहिल्या खुर्चीवर बसली. "आय." दुसरीवर. "लुक." स्टुलावर, डुगडुगत. "आफ्टर." शेवटच्या खुर्चीशी आली, उशी नीट थोपटली, "द," आणि बसत म्हणाली, "रूम."

सांभाळते म्हणाली. टाळ्यांमुळे मुलगा जिन्यावरून पाना घेऊन खाली धावत आला. सगळा प्रकार पाहून त्याने विचारले, "म्हणजे फ्रिज गच्चीवर?" मी हो म्हटले. मला इतका आनंद झाला आहे की अक्षर बिघडले आहे, ते चालवून घ्यावे.

सबब, कलम पाच कायम. वारसदाराने वारसा साक्षीदारांसमक्ष, खणखणीत आवाजात स्वीकारला आहे.

स्थळ: खिडकीची खोली
दिनांक: रविवार, २३ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. डॉक्टर (दाखला दुरुस्त करून जोडला आहे)
२. सुतार (सही हलली आहे, ती जमिनीमुळे)

लिहून देणार: खुर्चीवाल्या बाई
(सही उभ्याने केली आहे, कारण सूनबाई शेवटच्या खुर्चीवरून अजून उठलेली नाही.)