कमरेचा हॉर्न

प्रिय ठमाबाई,

तुझ्या आईने कळवलंच असेल, मला हल्ली यंत्राला जुंपलंय. उभा जन्म बसच्या स्टिअरिंगमागे काढला, त्याचा राग कंबर आता काढतेय. मलमं झाली, शेक झाले, पट्टे झाले. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी ‘बायोफीडबॅक’ नावाची शिकवणी लावली. पाठीला वायरींच्या चकत्या चिकटवायच्या आणि पडद्यावरची रेघ बघत बसायचं. स्नायू आखडले की रेघ चढते आणि यंत्र ‘टूं’ करतं. सैल सोडले की गप्प. बाई म्हणाल्या, “काका, कंबर सैल सोडा.” मी म्हणालो, “सोडलीय.” यंत्र म्हणालं, टूं! जन्मभर मी लोकांवर हॉर्न वाजवला, आता माझीच कंबर माझ्यावर वाजवतेय.

मग बाई म्हणाल्या, डोळे मिटा, मोकळा रस्ता समोर आणा. आणला. पण मोकळा रस्ता दिसला की माझा पाय आपोआप ब्रेककडे जातो. कोण कुठून आडवं येईल, नेम नसतो. टूं! एकदा तुझी आई कौतुकाने बघायला आली, तर बाईंना म्हणते, “यांना सैल पडायला शिकवावं लागतं? घरी दिवसभर दुसरं काय करतात?” रेघ पडद्याबाहेर!

पण हसू नकोस, गुण येतोय. पोटातून सावकाश श्वास घ्यायला जमतंय, बुटाच्या नाड्या माझ्या मी बांधतोय.

परवा तुझा फोन आला, तेव्हा मी चकत्या लावूनच बसलो होतो. रेघ छान खाली, बाई खूश. तू म्हणालीस, समुद्रापलीकडची नोकरी मिळालीय, जाऊ का? मी म्हणालो, “बिनधास्त जा, मला काय होतंय!” त्याबरोबर यंत्राने असा टाहो फोडला की शेजारच्या खोलीतले लोक डोकावले. तू विचारलंस, “बाबा, कसला आवाज?” मी म्हणालो, बाहेर कुणीतरी गाडी मागे घेतंय.

कुणी गाडी मागे घेत नव्हतं गं. बाईंनी यंत्राचा आवाज बंद केला आणि मला पाणी दिलं. तुला सोमवारी होकार-नकार कळवायचाय, म्हणून हे आजच लिहितोय. फोनवर मला जमणार नाही. मला होतंय, पुष्कळ होतंय. एखाद्या रविवारी तू जेवायला येतेस, तेव्हा भांडतो; आता भांडू कुणाशी? तरी तू जा. नोकरी तुझ्या कष्टाची आहे. फक्त बाबांना काही वाटत नाही असं समजून जाऊ नकोस. वाटतंय, आणि तरीही जा म्हणतोय.

तुझाच,
बाबा